आलं का? आलं!

बाण गेला! लॅपटॉपवरचा माऊसचा तो पांढरा बाण मी उजवीकडे ढकलत नेला, काठापाशी थांबेल असं धरून चालले होते, तर तो थांबलाच नाही. लॅपटॉपच्या बाहेर पडला आणि भिंतीवरच्या टीव्हीत डावीकडून आत शिरला. मी मागे ओढला, मागे आला. पुन्हा ढकलला, पुन्हा गेला. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी यांनी विचारलं, "अगं, तू कामाला कधी लागणार?" म्हटलं, हेच काम.

ज्यांना हे दहा वर्षांपासून ठाऊक आहे त्यांनी खुशाल हसावं. मला गेल्या महिन्यात कळलं, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. भाजीवालीलाही सांगून झालं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "आमच्या पोरानं दिवाळीतच जोडलाय." असू दे.

मुळात हा घाट घातला तो एका हवालदारासाठी. १९९१ साली यांच्या कचेरीच्या स्नेहसंमेलनात एक विनोदी नाटक झालं होतं आणि त्यात यांना हवालदाराचं काम होतं. वाक्यं दोन. त्या नाटकाच्या व्हिडिओ कॅसेटला कपाटात पडून पडून पांढरी बुरशी लागली होती. एका स्टुडिओवाल्यानं ती साफसूफ करून पेन ड्राइव्हवर घालून दिली, आणि यांनी त्याच आनंदात नाटकातल्या दोघा मित्रांना बायकांसह रविवारी संध्याकाळी घरी बोलावूनही टाकलं. शनिवारी रात्री पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला तर टीव्ही म्हणे, ही फाइल मला चालत नाही. लॅपटॉपवर तीच फाइल छान चालत होती. टीव्हीला मोजक्याच प्रकारच्या फाइली वाचता येतात, लॅपटॉपला पुष्कळ, एवढाच त्यातला फरक. पण चौदा इंची लॅपटॉपभोवती सहा माणसं बसवायची म्हणजे सत्यनारायणाला पोथीभोवती बसल्यासारखं झालं असतं.

मग लॅपटॉपच टीव्हीला जोडायचा ठरला. दुकानं बंद व्हायच्या आत मी रिक्षानं गणपती पेठेत जाऊन एचडीएमआय वायर आणली. दुकानातल्या मुलानं विचारलं, "काकू, किती मीटरची देऊ?" मी म्हटलं, "दे कुठलीही." त्यानं दीड मीटरची दिली. टीव्ही भिंतीवर उंच, वायर आखूड. म्हणून स्टुलावर पितळी डबा पालथा घातला, डब्यावर लॅपटॉप ठेवला, तेव्हा कुठे वायरीचं दुसरं टोक पोचलं. लावली. टीव्हीवर काय आलं? निळ्या चौकटीत दोन शब्द, 'नो सिग्नल'. ती चौकट बरं एका जागी थांबतही नाही. पडद्यावर इकडून तिकडे फिरते, काठाला आपटते, परत फिरते. बघून डोकं उठतं.

मुलाला फोन लावला. तो पुण्याला, मित्रांबरोबर कुठेतरी जेवायला गेलेला. "आई, रिस्टार्ट कर," म्हणाला आणि ठेवला. केलं रिस्टार्ट. नो सिग्नल. यांनी वायर काढून फुंकर मारून परत लावली. नो सिग्नल. मग हे टीव्हीचे खटके दाबायला लागले, मी लॅपटॉपचे, दोघं एकदमच, आणि तिथे मला एकदम बँक आठवली.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली पहिली कितीतरी संगणकाशिवाय. संध्याकाळी खतावणीचा ताळा जुळला नाही की फरक सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. नवी मुलं घाबरून सगळी पुस्तकं एकदम उघडायची आणि घोळ वाढवून ठेवायची. आमचे हेडकॅशियर आधी फरकाच्या रकमेला नवानं भागून बघायचे. भाग गेला की म्हणायचे, "कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत, तेवढं शोधा." नाही गेला तर एकेक पान. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि ती बरोबर निघाली की तिच्यावर पेन्सिलीनं टिक करायची, म्हणजे परत तिच्याकडे बघायला नको.

यांना म्हटलं, हात मागे घ्या. गॅसच्या पावतीच्या पाठीवर चार शब्द लिहिले: टीव्ही, सॉकेट, वायर, लॅपटॉप.

टीव्हीपासून सुरुवात. मागे आरशातून बघितलं तर एचडीएमआयची तीन भोकं, १, २, ३ असे आकडे घातलेली. एकात बंद असलेल्या सेट-टॉप बॉक्सची वायर, दुसऱ्यात माझी. आणि आम्ही टीव्ही लावतो तो नेहमी पहिल्या भोकातलंच दाखवतो! दुसऱ्यात काय आहे ते त्याला विचारायला हवं ना? आम्ही विचारत होतो ते सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटनं, आणि त्या रिमोटला टीव्हीच्या पोटातलं काही ठाऊक नसतं. टीव्हीचा स्वतःचा रिमोट सहा वर्षं ड्रॉवरमध्ये प्लॅस्टिकच्या आवरणातच होता, आणि त्याचे सेल उन्हाळ्यात एसीच्या रिमोटला गेले होते. ते काढून आणले. रिमोटवर चौकोनात शिरणाऱ्या बाणाचं एक बटण असतं, कुठे 'सोर्स' लिहिलेलं, कुठे 'इनपुट'. ते दाबून 'एचडीएमआय २' वर आले. नो सिग्नल. पण आता मला कळलं की हा नो सिग्नल वेगळा. मघाशी टीव्ही भलतीकडे बघत होता, आता माझ्याकडे बघून नाही म्हणत होता. टीव्हीवर टिक.

मग वायर आणि सॉकेट, आणि इथे मला स्वतःचाच फार अभिमान वाटला. नव्या वायरीचं लॅपटॉपकडचं टोक काढलं आणि सेट-टॉप बॉक्स चालू करून त्यात खुपसलं. दुसरं टोक होतं तिथेच, भोक क्रमांक दोनमध्ये. आणि लागल्या की बातम्या! वायर चांगली, भोकही चांगलं, एका फटक्यात दोन टिक. उरला एकटा लॅपटॉप. ताळ्यातला फरक एका पानावर येऊन ठेपला की पोटात कसं गार वाटतं, अगदी तसं वाटलं.

लॅपटॉपच्या कीबोर्डवर सगळ्यात वरच्या ओळीत एका बटणावर छोटं चित्र आहे, एक लॅपटॉप आणि शेजारी एक पडदा. तीन वर्षं मी ते बघतेय आणि तीन वर्षांत एकदाही हे कशाला आहे असं मनात आलं नाही. दाबलं. चार ओळींची यादी उघडली आणि खूण होती पहिल्या ओळीवर: पीसी स्क्रीन ओन्ली. म्हणजे लॅपटॉप ठरवूनच बसला होता की चित्र बाहेर द्यायचं नाही! (ते चित्राचं बटण सगळ्या लॅपटॉपवर एकाच जागी नसतं. विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबलं की तीच यादी येते, २००९ च्या विंडोज ७ पासून येते आहे. मॅकवाल्यांनी आपापलं बघावं.)

मी तिसरी ओळ दाबली, एक्स्टेंड, कारण शब्द ओळखीचा वाटला. दोन्ही पडदे काळे. छातीत धस्स. आणि मग टीव्हीवर आलं! आलं म्हणजे काय, नुसता निळा पडदा, लॅपटॉपच्या मागे असतो तोच, वर एक चिन्ह नाही की अक्षर नाही. अर्धवटच आलं म्हणून मी हळहळत माऊस बाजूला सारायला गेले आणि तेव्हा तो बाण गेला.

त्यातली गंमत नंतर समजली. दुसऱ्या ओळीतलं डुप्लिकेट म्हणजे झेरॉक्स, इथे जे दिसतं तेच तिथे. एक्स्टेंड म्हणजे घराला लागून पडवी काढावी तसं. टीव्ही हा लॅपटॉपचाच वाढीव भाग होतो, सुरुवातीला रिकामा, आपण सामान नेऊन ठेवायचं. नाटकाची खिडकी माऊसनं पकडली आणि ओढत पडवीत नेली. मध्ये अशी एक वेळ येते की अर्धी खिडकी लॅपटॉपवर असते आणि अर्धी टीव्हीवर, आणि नाटकातला नायक दोन्हीकडे वाटून उभा असतो. मी तिथेच थांबवून यांना हाक मारली. चौथी ओळ, सेकंड स्क्रीन ओन्ली, दाबलीत तर लॅपटॉप काळा पडेल. घाबरू नका, मेला नाहीये. तीच बटणं परत दाबा.

तर नाटक सुरू झालं. स्टुडिओवाल्यानं चित्र ओढूनताणून रुंद केल्यामुळे सगळी मंडळी जाडी दिसत होती, तो आमच्या हातातला भाग नव्हता. पण हवालदार कुठे आहे? यांना पक्कं आठवत होतं, रंगमंचाच्या डाव्या टोकाला दंडुका घेऊन उभे होते. टीव्हीवर डाव्या टोकाला फक्त दंडुका आणि अर्धी मिशी. डब्यावरच्या लॅपटॉपवर खिडकी परत आणून बघितली तर हवालदार अख्खा. टीव्हीवर अर्धा. मग लक्षात आलं की लॅपटॉपच्या तळाची पट्टी, जिच्यात वेळ दिसते, तीही टीव्हीवर नाहीये. टीव्ही चारी बाजूंनी चित्र खात होता!

याचं कारण वाचलं आणि मला जुन्या टीव्हीची माया आली. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राचा काठ नेमका कधीच नसायचा. वीज कमीजास्त झाली, टीव्ही म्हातारा झाला की चित्र जरा आक्रसायचं नाहीतर पसरायचं. काळी कड दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र चौकटीपेक्षा थोडं मोठं करून ठेवायचे आणि काठ चौकटीमागे लपायचा. दाखवणारेही महत्त्वाचं काही काठाशी ठेवायचे नाहीत. आता नळी गेली, चपटा पडदा आला, ठिपका न् ठिपका जागच्या जागी बसला, तरी ही सवय राहिली. सासूबाई गेल्यावरही शिंक्यावर दही ठेवत राहावं तसं. टीव्हीच्या मेनूत पिक्चरच्या आकाराची जागा असते, तिथे नेहमीचं १६:९ सोडून 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' असं काहीतरी निवडायचं. प्रत्येक कंपनीनं वेगळं नाव ठेवलंय, का ते त्यांनाच माहीत. मी निवडलं आणि पूर्ण हवालदार डावीकडून पुढे सरकला. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "केस होते गं."

आवाज मात्र लॅपटॉपमधूनच येत होता. टीव्हीवर हवालदार तोंड हलवतोय आणि बोलतोय तो पितळी डब्यावरून. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर गेले, तिथे आवाज कुठे पाठवायचा याची यादी असते. त्या यादीत, ऐका, आमच्या टीव्हीचं नाव होतं! नुसतं टीव्ही असं नव्हे, कंपनीचं नाव आणि पुढे मॉडेलची अक्षरं, मागच्या चिकटपट्टीवर आहेत ती. मी तर कुठेच ते टाइप केलं नव्हतं. लॅपटॉपला हे कुणी सांगितलं?

रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मला झोप येईना.

मी आजवर धरून चालले होते की वायर म्हणजे पाण्याचा पाइप. इकडून चित्र ओतायचं, तिकडे पडतं. तसं नाहीये हो! चित्राचा एक ठिपकाही जायच्या आधी त्या वायरीतून टीव्ही लॅपटॉपशी बोलतो. उलट दिशेनं! २००२ साली सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची वगैरे सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय आणलं, त्या टोकात एकोणीस पिना आहेत. चित्र, आवाज आणि त्यांचा ताल धरणारं घड्याळ यांना बारा. बाकीच्यांत सगळी गंमत. अठराव्या पिनेतून लॅपटॉप पाच व्होल्टची वीज पाठवतो, म्हणजे दार वाजवतो. एकोणिसाव्या पिनेवरून टीव्ही म्हणतो, आहे, आहे, घरात आहे. मग पंधराव्या आणि सोळाव्या पिनेवरून लॅपटॉप टीव्हीच्या पोटातलं एक कार्ड वाचून घेतो. त्याला एडिड म्हणतात. मूळ कार्ड फक्त १२८ बाइटचं, म्हणजे इंग्रजी अक्षरं मोजली तर पोस्टकार्डही अर्धं रिकामं राहील. त्यात कंपनीची तीन अक्षरं, कुठल्या वर्षी बनला, पडदा किती सेंटिमीटरचा, किती ठिपक्यांचं चित्र सोसतं, सगळं असतं. शेजारी जोडकार्ड असतं, त्यात आवाज ऐकवू शकतो की नाही तेही. पुष्कळ टीव्ही बंद असले तरी हे कार्ड वाचता येतं, कारण त्यापुरती वीज लॅपटॉपच पुरवतो.

आणि मला तात्या दिसले, माझे वडील, १९८५ साली आमच्या गच्चीवर, अँटेनाचा दांडा दोन्ही हातांनी धरून. माझा भाऊ खिडकीत अर्धा बाहेर लोंबकळलेला. मी टीव्हीसमोर. तात्या वरून ओरडायचे, "आलं का?" मी म्हणायची, "मुंग्या!" भाऊ वर ओरडायचा, "मुंग्या!" तात्या दांडा जरा फिरवायचे. "आलं का?" "आलं, आलं, आलं... गेलं!" तो टीव्ही बिचारा मुका होता. काय दिसतंय ते त्याला वर सांगता यायचं नाही, म्हणून खिडकीत माणूस लागायचा. आता तो खिडकीतला माझा भाऊ वायरीतच बसवलाय, पंधराव्या आणि सोळाव्या पिनेवर! भावाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पगार किती?"

यावरून आणखी एक कोडं सुटलं. कधीकधी सगळं बरोबर असूनही चित्र येत नाही, नाहीतर भलत्याच मापाचं येतं. म्हणजे कार्ड वाचण्यात काही चुकलंय. ही बोलाचाली वायर जोडताना होते, म्हणून वायर दोन्हीकडून काढायची, दहा आकडे मोजायचे, परत लावायची. यांनी फुंकर मारली तेव्हा ते अर्धं बरोबरच करत होते, फुंकर सोडून.

बँकेची सवय म्हणून मी एक हिशेबही केला. आडवे १९२० ठिपके, उभे १०८०, गुणाकार २०,७३,६००. असं चित्र सेकंदाला साठ वेळा. १२,४४,१६,०००. बारा कोटी चव्वेचाळीस लाख सोळा हजार ठिपके, दर सेकंदाला, त्या दीड मीटरच्या काळ्या वायरीतून, यांच्या दोन वाक्यांसाठी. मी उलटा गुणाकार करून ताळा घेतला. बरोबर आहे.

रविवार छान गेला. पोहे संपले, नाटक दोनदा लागलं, हवालदाराचा भाग चारदा.

त्यानंतर मी गल्लीत वायर घेऊन हिंडते. शेजारच्या मुलीच्या पातळ लॅपटॉपला एचडीएमआयचं भोकच नाही, नुसतं लंबगोल यूएसबी सी. त्याला अडॅप्टर मिळतो, पण घेण्याआधी बघा, दिसायला सारखी असली तरी सगळी भोकं चित्र देत नाहीत. शेजारी डीच्या आकारात पी असं चिन्ह किंवा विजेचा बाण असेल तर देतं, नुसती बॅटरी काढली असेल तर तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. धाकट्या वन्संच्या जुन्या टीव्हीलाही एचडीएमआय नाही, तिथे व्हीजीए, १९८७ चं, पंधरा पिनांचं, त्यातून आवाज जातच नाही. कन्व्हर्टर लावून त्यांच्या नातवाच्या मुंजीचे फोटो बघितले. सिनेमाच्या ॲपनं मात्र पडदा काळा ठेवला, कारण चोरी होऊ नये म्हणून सिनेमाला एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि त्या कन्व्हर्टरकडे किल्ली नव्हती. बिनवायरीचंही जमतं, विंडोजचं बटण आणि के. पण बाण जरा उशिरा हलतो आणि मला तो तिथल्या तिथे हललेला बघायचा असतो.

लॅपटॉप अजून पितळी डब्यावरच आहे. तुम्ही दुकानात गेलात आणि मुलानं विचारलं, काकू, किती मीटरची, तर कुठलीही म्हणू नका. तीन मीटरची घ्या.